चेंडू घेऊन पळणारा

अण्णा, माझ्या एका हातात कालथा आहे, दुसऱ्या हातात मुलाने दिलेला फोन, आणि फोनवरच्या व्हिडिओत तुम्ही न पाहिलेला तुमचा नातू उलट दिशेला पळतो आहे. पोहे करपतील म्हणून मी शेगडी बारीक करतो, पण ही विजेची आहे, लवकर गार होत नाही. "परत बघ," तो म्हणतो. मी परत बघतो.

हे त्याचं डार्मश्टाटमधलं विद्यार्थ्यांचं घर. चौघं मिळून राहतात. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा कप्पा ठरलेला आहे आणि मी आणलेली चटणी त्याच्या कप्प्यात मावत नाही. मी वोल्फ्सबुर्गहून दोन दिवसांसाठी आलो आहे. तिथे माझी नोकरी, माझी गाडी, माझं घर. त्याची आई वेगळी राहू लागली त्यालाही आता बरीच वर्षं झाली. एखाद्या शनिवारी तो येतो तेव्हा दोन माणसांचा स्वयंपाक होतो.

तो विद्यापीठाच्या संघात अमेरिकन फुटबॉल खेळतो. नाव फुटबॉल असलं तरी त्यात चेंडू हातात धरून पळायचं असतं, आणि पळणारा हा. रनिंग बॅक म्हणतात. समोर माणसांची भिंत. जिथे पाडतील तिथून पुढचा डाव सुरू होतो, त्यामुळे मागे गेलेलं प्रत्येक पाऊल आपलंच नुकसान. त्याच्याइतका चपळ संघात कोणी नाही, हे ट्रेनरही मान्य करतो. पण घेरला गेला की हा गर्रकन वळतो आणि जिथून निघाला त्या रेषेकडे धावत सुटतो. मुलं त्याला जर्मनमध्ये ‘परतीचं तिकीट’ म्हणतात. ट्रेनरने परवा सगळ्यांसमोर विचारलं, मागे काय विसरलायस? उद्या सकाळी शेवटचा सराव सामना. त्यात वळला तर या हंगामात त्याची जागा दुसऱ्याला, आणि तसं झालं तर आपण संघच सोडणार, असं त्याने मला आधीच सांगून ठेवलं आहे.

असं का होतं ते त्याला कळत नाही. मला कळतं. तो लहान असताना घरामागच्या गवतावर दोरीची मध्यरेषा टाकून मी त्याला कबड्डी शिकवली होती, तुम्ही मला शिकवलीत तशीच. आता कबड्डी टीव्हीवर लागते, अण्णा. गादीवर, बूट घालून. तुमच्या शाळेच्या मैदानावर आम्ही आधी पाणी मारायचो आणि तुम्ही गळ्यात शिट्टी अडकवून दोन्ही संघांवर सारखेच चिडायचात. एकदा चढाईत मी दोघांना शिवलो आणि आनंदात तिथेच उभा राहिलो. पकडला गेलो. तुम्ही सगळ्या पोरांदेखत म्हणालात, "शिवून आलास तर गुण. शिवून तिथेच राहिलास तर पाहुणा." घरी येईपर्यंत तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. जेवताना मात्र स्वतःच्या वाटचं अंडं माझ्या ताटात सरकवलंत.

पोहे खालून लागले. वरचे वर काढून मी दोन बशांत घेतले आणि त्याला हे सगळं सांगितलं, तुमच्यासकट. तो हसला नाही. मग आता काय करू, असं त्याने जर्मनमध्ये विचारलं.

"वळू नकोस," मी म्हणालो. "पकडलं तर पकडू दे. पुढे पड."

"गेनाऊ," तो म्हणाला, म्हणजे अगदी बरोबर. चार घास खाल्ल्यावर म्हणाला, "पण बाबा, ते खूप जोरात पाडतात."

"माहीत आहे."

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एवढं लिहितो. हंगाम सुरू झाला की त्याचे शनिवार-रविवार सामन्यांत जाणार. मी काही बोललो नसतो तर उन्हाळाभर तो माझ्याकडे आला असता. सांगावं की नाही, या विचारातच पोहे खालून लागले होते.

सकाळी मैदानावर दव होतं. पहिल्या दोन वेळा तो वळला नाही, पण पुढेही गेला नाही, नुसता अडकून उभा राहिला. तिसऱ्यांदा दोघांनी कमरेला मिठी घातली आणि तो त्यांना ओढत पुढे पडला. पहिल्या सामन्यात तोच पळणार आहे. कुंपणापाशी येऊन त्याने विचारलं, तुझी ट्रेन किती वाजता? दुपारची, मी म्हणालो. मग जाताना दार नुसतं ओढून घे, असं म्हणून तो पोरांकडे परत गेला. मी खोलीवर जाऊन भांडी घासली, दार ओढून घेतलं आणि निघालो.