चौथीतली दहावी

९ सप्टेंबर

पुन्हा नऊ! चौथीचा पट आज नक्की झाला. म्हणजे यंदाही राज्याच्या अहवालात आमच्या शाळेपुढे आकडा नाही, नुसती चांदणी (*). दहापेक्षा कमी मुलं परीक्षेला बसली तर निकाल छापत नाहीत — कोण नापास झालं ते गावाला कळेल म्हणून. हार्लो ब्रूकसारख्या अमेरिकेतल्या चिमुकल्या खेड्यात कोणाच्या कोंबडीनं अंडं दिलं नाही हेही कळतं, तिथं हे काय लपणार!

एरवी मी म्हटलं असतं, झाकली मूठ सव्वा लाखाची. पण पुढच्या वर्षी, पाचवीत जातील ही मुलं तेव्हा, मार्चच्या गावसभेत मतदान आहे. शाळा ठेवायची, की पोरांना बसमध्ये घालून खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत धाडायचं? खालच्यांकडे आकडा आहे — गणितात शंभरात बासष्ट पास. आमच्याकडे चांदणी. मधे एकच परीक्षा, येत्या मे महिन्यातली.

विनिफ्रेड (मुख्याध्यापिका, आणि दुपारी सूप वाढणारीही तीच) म्हणाली, "एखादं मूल पैदा कर गं कुठून तरी." माझ्या वयाला!

२१ ऑक्टोबर

दहावी आली! नायेली नाव. मेक्सिकोची, दोन वेण्या, पायात तांबडे रबरी बूट. वडील एउसेबिओ पार्कहर्स्टच्या गोठ्यावर धारा काढतात. पोरीला इंग्रजी शब्द दोन येतात, "ओके" आणि "नो". देशात नव्यानं आलेल्यांना वाचनाच्या परीक्षेत सूट आहे, गणितात नाही. म्हणजे गणिताचा आकडा छापला जाणार.

वडील दारातच थांबले. "तिचं नाव कुठे छापणार?"

माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितलं, नाव नाही, फक्त मोजणार. मग त्यांनी टोपी काढली आणि आत आले.

संध्याकाळी दुकानात ओरिन थिबो भेटला. माझ्या वर्गातल्या डेल्फीनचा बाप, मेपलच्या झाडांच्या रसाचा गोड पाक काढतो, गावसभेत सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच. "काय बाई, चौथीत दहावी आणलीत म्हणे. पण बिनइंग्रजीची? आकडा येईल तो खालीच यायचा."

म्हटलं, "आधी येऊ तर दे."

१२ नोव्हेंबर

नायेलीचा भागाकार अजब! वजाबाकी लिहीतच नाही. मनात करते आणि खाली नुसती बाकी मांडते. त्यांच्याकडे असंच शिकवतात. मी म्हणते, पायऱ्या दाखव. ती माझ्याकडे बघते, जणू मीच काहीतरी विसरलेय. "पण उत्तर बरोबर आहे ना?" हे तिनं डेल्फीनच्या तोंडून विचारलं. त्या दोघींची भाषा कुठली ते देवाला ठाऊक, पण दिवसभर चालू असते. मला, तिसऱ्या माणसाला, आत घेत नाहीत.

खूप मजेत आहे मी सध्या. लिहून ठेवते, नाहीतर विसरेन.

१९ मार्च

वर्ग ओरिनच्या पाकघरात नेला. आत वाफच वाफ. बर्फावर ओतलेला गरम पाक, सोबत आंबट काकडी. मी तीनदा घेतला.

ओरिन मुलांना म्हणाला, चाळीस बादल्या रस आटवला की एक बादली पाक. मग माझ्या अठराशे बादल्यांचा किती? सगळे कागद शोधत होते. नायेली म्हणाली, "पंचेचाळीस."

"कुठं लिहिलंस?"

तिनं कपाळावर बोट ठेवलं. ओरिननं बाहेर जाऊन खडूनं गुणाकार करून पाहिला, बराच वेळ. परत आला. तिच्या ताटलीत आणखी पाक ओतला.

१० मे

परीक्षेला दहाही हजर. खोकत होती तरी ओरिननं डेल्फीनला आणून सोडलं.

१२ जानेवारी

राज्याचा अहवाल आला. शंभरात ऐंशी! दहापैकी आठ पास! विनिफ्रेडनं सूपचा डावच माझ्या पाठीत घातला आनंदानं. शाळेला आकडा आहे, आणि तो खालच्यांपेक्षा वर आहे. घरोघर ज्याचा त्याचा निकाल गेला.

दोघं राहिली. एक नायेली. उत्तरं सगळी बरोबर, पण "कसं सोडवलंस ते वाक्यांत लिही" याखाली कोरं. तेवढे गुण गेले. पहिल्या वर्षी कुठून आणायची होती तिनं वाक्यं? फार लागलं मनाला. आता पाचवीत, माझ्याच वर्गात, पानंच्या पानं लिहिते.

एक नाव लिहून बसले, दुसरं इथेही लिहीत नाही. ही वही स्वयंपाकघरात पडलेली असते.

९ फेब्रुवारी

दुकानवाली मेव्हिस गिऱ्हाइकांना सांगते, "ते दोन कोण हे काय सांगायला हवं? गोठ्यावरचीच असणार. दुसरंही कोणीतरी बाहेरचंच." नायेलीनं ते ऐकलं. वर्गात हात वर करणं बंद.

आज एउसेबिओ आले. "आमच्यामुळे शाळा बंद पडणार असेल तर तिला घरी ठेवतो." मी म्हटलं, ती आली म्हणून तर आकडा आला! त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही. गावसभा झाली की ठरवू, म्हणाले. संताप संताप झाला माझा. पण बोलणार काय? कोणाचाही निकाल माझ्या तोंडून जाता कामा नये. नोकरी जाईल, आणि जायलाच हवी.

१ मार्च

शाळा राहिली. हात वर करून, घसघशीत फरकानं.

मतदानाआधी मेव्हिस उठली. "ऐंशी चांगलेच आहेत. बाहेरची दोन नसती तर शंभर असते." एउसेबिओ मागच्या भिंतीला टेकून उभे, नायेली त्यांच्या शेजारी. सगळ्या माना तिकडे वळल्या.

ओरिन उभा राहिला. "त्या दोघांतली एक माझी डेल्फीन. तिला कुठल्या गावाला पाठवू, बोला."

माना आता डेल्फीनकडे वळल्या. ती ओंजळीत तोंड लपवून बसली होती, खांदे हलत होते. लोकांना वाटलं, रडतेय पोर. मेव्हिसनं तर तिला रुमाल दिला.

चौथीत डेल्फीनएवढे गुण कोणालाच नव्हते.