काळ्या रानासाठी टायर

८ जुलै, सकाळी
शालूची बी.एस्सी.ची ॲडमिशन झाली. घरातली पहिली ग्रॅज्युएट मी, दुसरी माझी बहीण. पिंगळी स्टेशन सहा किलोमीटर, तिथून रेल्वेने परभणी. सहा किलोमीटरचा प्रश्न मी सोडवला आहे. हॉस्टेलची मैत्रीण राजेश्री नोकरीला पुण्याला गेली, तेव्हा तिची गिअरवाली माउंटन बाइक मला देऊन गेली. ती शालूला.
देवगाव फाट्याच्या पाहुण्यांचा शालूसाठी पुन्हा निरोप आला. अण्णा म्हणाले, पावसाळ्यात पोरीचं जाणं-येणं जमतंय का बघू, मग त्यांना काय ते कळवू. म्हणजे मूळ प्रश्न रस्त्याचा आहे. तरी उद्या अण्णांशी स्पष्ट बोलणार. आधी डिग्री, मग लग्न.

९ जुलै
अण्णा मेंढरं घेऊन पहाटेच गेले. बोलणं राहिलं.

१४ जुलै
काल पाऊस. शालू दोनशे पावलं गेली. काळी माती टायर आणि फ्रेमच्या मध्ये ठासून बसली, चाक फिरेना. सायकल खांद्यावर घेऊन परत आली. माय म्हणाली, सायकल तुला न्यायलीय का तू सायकलीला? शालू हसली. मला हसू आलं नाही.
मोबाईलवर तीन तास वाचलं. दोष टायरचा. त्यावरचे उंचवटे जवळजवळ असल्यामुळे माती मध्ये अडकते. जगात चिखलाचा, मुरमाचा, कोरड्या जमिनीचा असा वेगवेगळा टायर असतो. आमच्या भागात याची जाणीवच नाही.
अण्णांशी टायर बसवल्यावर बोलावं. हातात काही ठोस असलं की बोलायला जोर येतो.

२१ जुलै
रुंद टायर मागवला, उंचवटे मोठे. पिंगळीच्या सायकल दुकानातले सूर्यभानमामा म्हणाले, बाई, टायर रुंद तर गाराबी रुंद, चिखल जास्तच धरतंय. बसवल्यावर तो फ्रेमला घासतो असं दिसलं. मामांनी तो काढून परत माझ्या हातात दिला.
संध्याकाळी अण्णा म्हणाले, बांधाच्या कडेनं जाय म्हणावं, मेंढरांनी तुडवलेली वाट घट्ट असती. आन् गारा लागला की उतरून चालावं, त्यात काय. मी ऐकून घेतलं. अनुभवाचा आदर करावा, पण निष्कर्ष प्रयोगावरच काढावा.
अण्णा निवांत बसले होते. बोलता आलं असतं. पण त्यांचा मूड चांगला होता, तो कशाला घालवा.

४ ऑगस्ट
यश. अरुंद टायर, उंचवटे लांब लांब, हवा थोडी कमी. रामहरीकाकांच्या वावरात चाचणी घेतली. खतासाठी तिथं आमची मेंढरं आठ दिवस बसवली होती. ओल्या मातीत चाक सर्रकन गेलं. मी शालूला म्हणाले, आता तुझी अटेंडन्स शंभर टक्के.
उद्या अण्णांशी बोलणार. नक्की.

५ ऑगस्ट
शालू म्हसोबापर्यंत पोचली आणि रुतली. गाडी चुकली. अण्णा म्हणाले, मेंढरं बसवलेलं रान म्हणजे चोपलेलं अंगण, तिथं खाटेला चाकं लावली तरी चालंल. नमुना चुकीचा निवडला गेला. विज्ञानात असं होतं.
आज बोलण्यासारखी परिस्थिती नव्हती.

१८ ऑगस्ट, रविवार
पाहुणे शालूला बघून गेले. दहाला येणार हे मला माहीत होतं, पण रविवारी दुपारी मामांचं दुकान बंद असतं आणि मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला होता. मी घरी असते तर बोललेच असते.
परत आले तेव्हा शालू अजून मायचं लुगडं नेसून चुलीपाशी बसली होती. म्हणाली, आक्का, कुठं गेलतीस? मी तिला काटा दाखवला. चांगला दीड इंच होता. तिने तो हातात घेतला, बघितला, परत दिला.
काट्यांसाठी जाड थराचा टायर मिळतो.

२ सप्टेंबर
शालू ऑगस्टमध्ये नऊ दिवस कॉलेजला गेली. जुलैमध्ये सात. सुधारणा आहे.
जेवताना अण्णांनी मला विचारलं, पाहुणे उत्तर मागायलेत, बाई, तुझं काय म्हणणं हाय? शालूने भाकरी मोडायची थांबवली. मी सांगितलं, पुढे अरुंद आणि मागे जाड थराचा अशी जोडी लावली की चिखल, मुरूम, काटे, तिन्ही प्रश्न सुटतात; मागचा टायर वाटेत आहे, तो आला की बोलू. अण्णांनी ताटातली भाकरी संपवली. मग हात धुवायला उठले.
एक प्रकारे विषय निघाला, हे चांगलं झालं.

१९ सप्टेंबर
टायर आला. उघडीप आहे, रस्ता वाळला. आता जमिनीला भेगा पडायला लागल्या, त्यात पुढचं अरुंद चाक अडकतं. कोरड्या जमिनीसाठी पुढचा बदलावा लागेल. तरी शालू सलग चार दिवस गेली. शेवटचे दोन दिवस चालत गेली असं माय म्हणते. मी विचारलं नाही.
रविवारी अण्णांशी बोलायचं. आकडे कागदावर मांडले आहेत.

२२ सप्टेंबर, रविवार
कागद घेऊन अंगणात गेले तर सतरंजी अंथरलेली. पाहुणे, रामहरीकाका, गावातले पाच-सहा जण. सुपारी फुटली. लग्न दिवाळीनंतर. शालू पहिल्या वर्षाची परीक्षा देणार नाही.
सगळे गेल्यावर शालू म्हणाली, मला गाऱ्याचं कधी काही वाटलं न्हाई आक्का. मी रोज चालत गेले असते. मग ती भांडी घासायला गेली. मी मदतीला गेले, तर म्हणाली, राहू दे, हात भरतील.
अण्णा सतरंजी झटकत होते. मी म्हणाले, एवढी घाई का केली. ते म्हणाले, घाई कुठं, दोन महिने निरोप अडवून धरला. घरात शिकलेली तू एकटी. तू न्हाई म्हणली असतीस तर मीबी न्हाई म्हणलो असतो. मला वाटलं, तुला पसंत हाय.
मी म्हणाले, मी बोलणारच होते.
त्यांनी सतरंजीची घडी घातली आणि विचारलं, कवा? रागाने नाही, सहज विचारलं. मला एक तारीख सांगता आली नाही.