धन्याच्या माराची नक्कल

कासुर्डी

प्रिय अपेक्षा,

नाटक संपल्यावर तुला न भेटताच निघून आले, म्हणून फुगली असशील. फुग. तशीबी तू फुगल्यावरच चांगली दिसतीस. दोन हजार वर्सांमागं मेलेल्या रोमच्या मानसांचा चावटपणा तू कालेजात शिकतीस, आन् तुझी जित्ती आत्या चावट बोलली की तुझा बाप डोळं वटारतो. ह्यो कुठला न्याय ग?

दिवाळीत तू इचारलंस, त्या रोमच्या नाटकातला गुलाम धन्याचा मार खाऊन लोकांना हसवतो, ते कसं करायचं. मी पदर खोचून दाखवलं. आमचं धनी काठी घेऊन मागं, मी गोठ्यात म्हशीभवती गरागरा, म्हस आपली रवंथ करत बघती, आन् काठी पाठीत बसायच्या आधीच मी वरडती. हळदीला, पापड लाटताना बाया मागंच लागायच्या, तानूबाई, धन्याची नक्कल करा. धनी होते तवाबी केली, गेल्यावरबी केली. तू पोट धरून हसलीस आन् सगळं लिहून घेतलंस.

पुण्याला तुझ्या नाटकात गुलाम झालेल्या पोरानं हुबेहूब केलं. मानसं हसून लोळली. मी पहिल्यांदाच ते खाली मानसांत बसून बघितलं. माझीच वाकलेली पाठ, माझंच वरडणं. मला हसू येईना. लाज वाटली, पदर तोंडावर घेतला.

शेजारी आमची सुवर्णा. रांजणगावाहून खास आलेली. हसत हसत कानाशी म्हनली, आई, आमच्याकडं म्हस न्हाई, मला फ्रीजभवती पळावं लागतं. आन् टाळीला हात पुढं केला. बाही वर सरकली. मनगटापासनं कोपरापातुर काळंनिळं.

आन् मी टाळी दिली, अपेक्षा. सवयीनं दिली.

मार हसून सांगायचा, हे तिला मीच शिकवलं. दुसरं काय शिकवलंच न्हाई.

रविवारी मी तिला घरी आणाया जाणार हाय. जावई कंपनीतली पाळी करून आल्यावरच जायचं, चोरून न्हाई. तू यवतला उतर, तिथनं दोघी जाऊ. जावयाचं मला भ्या न्हाई, माझ्याच तोंडाचं हाय. चहा पुढं आला की मी कायतरी गंमत करीन, जावई हसंल, सुवर्णाबी हसंल, आन् मी एकटीच माघारी येईन. म्हणून तू पायजेस. मी हसवाया लागले की मला जोरात चिमटा काढ.

तुझीच, पळून आलेली,
तानूआत्या