हवा दुश्मन न्हाई, अण्णा

अण्णा, आज आईच्या न्हाणीत पाणी जोरात आलं आणि पहिली आठवण तुमचीच झाली. अंबाजोगाईतला हा फ्लॅट अगदी वरच्या मजल्याचा. टाकी डोक्यावरच, म्हणून पाण्याला जोरच नाही. शॉवरखाली बसलं तर थेंब मोजत बसा. आईला आता बादली उचलवत नाही आणि दुसऱ्यानं अंघोळ घातलेली तिला खपत नाही. म्हणून प्रेशर पंप आणला. मिस्त्री कशाला? मी तुमची लेक!

कडा गावातल्या आपल्या पंपाच्या दुकानात तुमचा एकच मंत्र होता. "हवा म्हंजी पंपाची दुश्मन. आदी पाण्यानं पोट भर, मग खटका दाब." आतला पंखा पाणी कडेला फेकतो, म्हणून मधे नवं पाणी ओढलं जातं, हवा शिरली की पंखा नुसताच गरगरतो. हे डोक्यात पक्कं. त्यामुळे पंपाच्या छोट्या टाकीला सायकलच्या ट्यूबसारखा व्हॉल्व्ह दिसला, तशी मी सगळी हवा फुस्सकन सोडून दिली. झालं! नळ उघडला की पंप चालू-बंद, चालू-बंद. आई म्हणते, "अगं, उचकी लागली का काय ह्याला?"

दोन दिवसांनी उमगलं. टाकीत रबराची पिशवी असते, पिशवीत पाणी आणि बाहेर हवा. पंप पाणी कोंबतो, हवा दबते. नळ उघडला की तीच हवा पाण्याला ढकलते, जोर उतरला की खटका आपोआप पडून पंप पुन्हा सुरू होतो. लॉजवर, गाड्या धुतात तिथं, सगळीकडं हेच, आणि मला पत्ता नाही! टाकी रिकामी करून तुमच्याच सायकलच्या पंपानं हवा भरली. पंप एकदा चालून थांबला. मग नळ उघडते, तर पंप गप्प आणि पाणी मात्र जोरात! एवढ्याशा हवेत इतकी ताकद? अंगावर काटाच आला, अण्णा.

आई दार लावून एकटीच कितीतरी वेळ शॉवरखाली बसली. बाहेर येऊन म्हणाली, "अण्णाचा हात हाय तुझ्यात."

तेव्हापासून दुकानाच्या दिवसांतली ती शेतावरची विहीर डोळ्यांपुढून हलत नाही. त्या विहिरीवरचा पंप पाणी ओढेना, तेव्हा तुम्ही विचारलंत, "पोट भरलं का?" मी हो म्हणाले. माझ्या शब्दावर तुम्ही पाइपाच्या तळाचा, पाणी धरून ठेवणारा व्हॉल्व्ह बघायला विहिरीत उतरलात, कोपर सोलून वर आलात. व्हॉल्व्ह चांगला होता. शेतमालकाला म्हणालात, "लेक खोटं बोलत न्हाई. माजंच कायतरी चुकलं."

तुम्ही गेलात, आता पत्ता कुठला घालू? हा कागद पंपाच्या खोक्यातच ठेवते. मी पाणी भरलंच नव्हतं, अण्णा.