दोन सीटची सायकल

रविवार, २८ एप्रिल

आज परत हरेशला नेलं. नेलं कसलं, ओढलं! दोन सीटची सायकल – पुढे मी, मागे तो. दृष्टी गेल्यापासून तो घरातच बसून असतो, म्हणून आईची अट – ‘त्याला नेशील तर जा, नायतर ऱ्हा घरी.’ मनिषा मला सोडून माहेरी गेली, त्यानंतर रविवारची सकाळ एवढीच माझी उरली होती. तीही धाकट्या भावाला दिली.

नेरे गावापर्यंत ठीक. पुढे चढ लागला आणि सायकल क्लबचे सगळे भराभर निघून गेले. गेल्या उन्हाळ्यात याच चढावर परेश माझ्या मागे धापा टाकायचा. आज आम्ही वर पोचलो तेव्हा तो झाडाखाली कलिंगड खात होता. म्हणाला, केतन, तुमच्या नावाचं होतं ते संपलं.

सगळे हसले. हरेशही.

बुधवार, १ मे

क्लबच्या ग्रुपवर फोटो आलाय. हरेश हात वर करून हसतोय. खाली रियाने लिहिलंय – खरा हीरो. पुढच्या सीटवरच्या माणसाचा फक्त खांदा दिसतो. तो मी.

रविवार, ५ मे

सातलाच ऊन चावत होतं. चढाच्या मध्यावर हरेश म्हणाला, दादा, जरा थांबू या. मी ऐकलं नाही. मागे त्याला धाप लागलेली ऐकू येत होती – लागू दे! वळणावर त्याचा पाय पेडलवरून सुटला, सायकल कलली आणि दोघंही खडीवर आपटलो. त्याचं कोपर सोलून निघालं.

आणि मी काय बोललो – ‘तुझ्यापायी माझं सगळं गेलं!’ परेश, रिया, सगळे बघत होते.

हरेश जमिनीवर हात फिरवत सायकल कुठे पडलीय ते शोधत राहिला.

टेम्पो करून परत आलो.

सोमवार, ६ मे

संध्याकाळी त्याच्या कोपराला मलम लावत होतो. म्हणाला, ‘दादा, मला सायकल आवडत नाही. पहिल्या दिवसापासून भीती वाटते.’

मग येतोस कशाला, विचारलं.

‘वहिनी गेल्यापासून तू कुणाशी बोलत नाहीस. आई म्हणाली, त्याला एकटा सोडू नको.’

पट्टी नीट चिकटेना. काढली, परत लावली.