रजेच्या काळातला पत्ता

२ ऑगस्ट १९९९, सोमवार

शी! परत तेच. आज पाचवी खेप. ह्यांच्या रजेचा अर्ज अजून टेबलावरच. कारण काय, तर ‘रजेच्या काळातला पत्ता’ ह्या रकान्यात गाव, तालुका, जिल्हा नाही! ह्यांनी जाताना बरोबर लिहिलं होतं — युनिटचं नाव, मार्फत ५६ एपीओ. फौजेतल्या माणसाचा पत्ता एवढाच असतो, आमच्या पोस्टमनलाही कळतं. विद्यापीठाच्या सेक्शनमधल्या कारकून हिम्मतरावांना कळत नाही. “पण ताई, हे ५६ एपीओ कोणत्या जिल्ह्यात येतं?” मी म्हटलं, तेच सांगायचं नसतं म्हणून तर नुसता आकडा आहे. तर म्हणे, “मग रकाना मोकळा राहतो ना.”

वर आणि, “मी आपलाच माणूस आहे ताई, नांदेडकडचा.” आग लागो त्या आपलेपणाला.

सेक्शनमध्ये नवे कॉम्प्युटर आलेत. त्यांच्यावर कव्हरं, कव्हरांवर हिम्मतरावांचा टॉवेल वाळत घातलेला.

चौदा वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात पुस्तकं झटकली ह्यांनी. एक बढती नाही. टेरिटोरियल आर्मीत, नोकरी सांभाळून, नऊ वर्षं, दरवर्षी महिनाभर कँप. जूनमध्ये लढाईचं बोलावणं आलं, तिसऱ्या दिवशी गेले. हुकुमाने बोलावलं तर कायद्याने नोकरी राखून ठेवायची असते, रजा धरायची असते. इथे हजेरीबुकात लाल शाईने ‘गैरहजर’. जूनपासून पगार बंद. माझ्या शिवणाच्या मशीनवर चूल पेटतेय.

४ ऑगस्ट

शिपाई म्हणतो, “अम्मा, साब नईं हैं, परसों आओ.” ह्या निजामाच्या गावात परसों म्हणजे कधीही!

१५ ऑगस्ट

आज माझा सत्कार झाला. हसावं की थुंकावं?

पहिल्या रांगेत बसवलं. रजिस्ट्रारसाहेबांनी स्वतः शाल घातली, नारळ दिला. माइकवर म्हणाले, “आमच्या विद्यापीठाची वीरपत्नी, श्रीमती दीपमाला!” वीरपत्नी! माझा नवरा जिवंत आहे, कुठल्यातरी पुलावर पहारा देतोय. ज्या हाताने फाईलवर ‘पत्ता अपूर्ण, अर्ज परत’ असं लिहून सही ठोकली, तोच हात माझ्या खांद्यावर शाल सारखी करत होता. फोटो काढला. “जरा हसा, अम्मा.”

तिथेच म्हटलं, साहेब, ह्यांची रजा? “आजच्या दिवशी फाईलीचं नको.” टाळ्या वाजल्या. सासरे नागोरावमामा माझ्या शेजारी — तेही जोरजोरात वाजवत होते. घरी आल्यावर चिडले मी मामांवर. ते नारळ फोडायला बसले.

शाल पॉलिस्टरची. टोचते.

१८ ऑगस्ट

मेमो आला. ह्यांच्या नावाने, आमच्याच विद्यानगरच्या क्वार्टरवर! ‘सात दिवसांत समक्ष हजर राहून गैरहजेरीचा खुलासा करावा.’ म्हणजे माणूस सरहद्दीवरून येऊन सांगणार, मी सरहद्दीवर आहे!

हिम्मतराव म्हणतात, “रकाना मोकळा होता, म्हणून घरच्या पत्त्यावर काढला. नियमच आहे.” हे बोलताना कानात काडी घालत होते.

३ सप्टेंबर

ह्यांचं पत्र. तीनच ओळी माझ्यासाठी — तब्येत ठीक, लढाई थांबली तरी सोडत नाहीत, पोरीला अभ्यासाला बसव. बाकी पानभर तिथल्या गोष्टी. सगळे हुद्द्याने नाईकसाब म्हणतात. नव्या पोरांना शिकवायला ह्यांनाच उभं करतात. जेवायला साहेबांच्या शेजारी बसवलं.

वाचताना बरं वाटलं. इथे ‘ए नागसेन, चाय बोल’ ऐकत चौदा वर्षं काढली.

११ सप्टेंबर

दुसरा मेमो. ह्या वेळी भाषा साफ आहे. कधीपासून कधीपर्यंत आणि कुणाच्या हुकुमाने सेवेत, त्याचं युनिटचं प्रमाणपत्र पंधरा ऑक्टोबरपर्यंत द्या. नाहीतर जागा रिकामी धरणार, क्वार्टर खाली करायचं. पोरीची दहावी आहे ह्या वर्षी!

सरळ ह्यांच्या युनिटच्या कमांडंटला पत्र लिहिलं. मामा म्हणाले, “मोठ्या साहेबाला कशाला तरास देती? नागसेन बघंल की.” कोण बघंल? ते तिकडे, मी इकडे! जन्मभर साहेब म्हटलं की मामांची मान खाली. सगळ्यांचाच वीट आलाय. आबिड्सच्या मोठ्या पोस्टात जाऊन रजिस्टर करून आले.

२० सप्टेंबर

सेक्शनमध्ये गेले. रजिस्ट्रारसाहेबांनी भिंतीवर सत्काराचा फोटो लावलाय. मला उभंच ठेवलं होतं त्याच्याखाली, पाऊण तास.

२९ सप्टेंबर

हिम्मतरावांना म्हटलं, तुमच्या घरचं कुणी गेलं असतं तर? म्हणाले, “आमच्या घरचं कशाला जाईल ताई? पर्मनंट नोकरी असताना माणसानं असल्या भानगडीत पडावंच कशाला?”

कोठीच्या जुन्या पुस्तकांच्या बाजारापर्यंत चालत गेले, राग जाईना म्हणून. पोरीसाठी जुनं गणिताचं पुस्तक घेतलं. घरी येऊन रडले. ह्या माणसांसमोर नाही रडणार.

६ ऑक्टोबर

कमांडंटच्या ऑफिसचं पत्र आलं. शिक्का, सही, तारखा — हिम्मतरावांना हवं तसं सगळं. नाईक नागसेन यांना एकतीस जुलैलाच मोकळं करत होते. त्यापुढे ते राहिले ते हुकुमाने नाही, स्वतःच्या लेखी विनंतीवरून.

मामांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, “मला लिव्हलं होतं त्यानं. तुला सांगू नका म्हणला.”

प्रमाणपत्र दुपारी सेक्शनला नेऊन दिलं, पावती घेतली. क्वार्टरच्या किल्ल्या कुणाकडे द्यायच्या, तेही विचारून आले.