उलटे गुण

नाना, तुमच्या कॅन्सरला डॉक्टरनं पट्टी लावली, तो दिवस मला आजवर कुठल्याच लेखात वापरता आलेला नाही. नव्या शतकाची पहिलीच वर्षं. तुमची इंजेक्शनं नुकती सुरू झालेली. मुंबईहून आलेला तो तरुण डॉक्टर टेबलावर एक छापील तक्ता पसरतो, त्यावर नुसत्या आडव्या रेघा. वयाची एक, रक्तातल्या आकड्याची एक, गाठीचा तुकडा तपासला त्याची एक. प्रत्येक रेघेवर तुमची जागा शोधायची, पट्टी उभी धरून वर किती गुण पडले ते बघायचं, बेरीज करायची आणि बेरजेवरून थेट खालच्या रेघेवर उतरायचं. खालची रेघ म्हणजे पाच वर्षं जगण्याची शक्यता. डॉक्टर पट्टी खाली ठेवत म्हणाला, "यांचे गुण बरेच आलेत." तुम्ही हात जोडले. "गुण आला ना, मंग झालं. आता इंजेक्शनं बंद करा, लय दुखतं."

डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. पेपरात टोमणे मारून पोट भरणारा मी, तुमची फाईल उचलून उठलो. बाहेर बाकड्यावर बसल्यावर कसंबसं सांगितलं, "नाना, इथले गुण उलटे असतात. जास्त तेवढं वाईट." तुम्ही टोपी काढता, झटकता, पुन्हा घालता. मग म्हणता, "तुला शाळेत असाच मास्तर पाहिजे व्हता. पहिला आला असतास." थोड्या वेळानं, "त्या रेघेवर मी कुठं हाय?" मी डॉक्टरचंच पढवलेलं बोललो, की ती रेघ तुमच्या एकट्याची नाही, तुमच्यासारख्या शंभर जणांची असते. "माझ्यासारखे शंभर? तुझी आई एकालाच कावली." दोघंही हसलो. उठताना तुम्ही माझं मनगट धरलंत. "घरी गुण आला म्हनूनच सांग. नायतर फुलं खुडताना रडत बसंल ती. इंजेक्शनं घेतो मी. ताकदीची म्हनू."

मळ्यातली पुढची शेवंती निघायच्या आत तुम्ही गेलात. आई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "गुण आलेला त्यांना. ह्यानंच टोचून टोचून घालवला माणूस." माझ्या हातचा चहा घेते, पण मी खोलीबाहेर जाईपर्यंत मान वर करत नाही. मी गप्प बसतो. लोकांना वाटतं, बरं झालं, याचीही जिरवणारं कुणीतरी आहे.

काल ती पुन्हा तेच म्हणाली आणि सगळं ओठांवर आलं. राग आला होता, नाना. तिचा नाही. तुमचा.